कळकलेली अंबाडी

पितळेच्या गंजाला आतून जी काही उरलीसुरली कल्हई होती ती मी माझ्या हातांनी घासून काढली, त्याच गंजात पहाटे अंबाडीची भाजी शिजवली आणि दुपारी ती अकरा बायांना पोटभर वाढली. एवढं एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. सुनेचं म्हणणं असं की आठवणी लिहिणाऱ्याने आधी गाव, कूळ, आईवडील असं रीतीने सांगावं. मी तिला म्हटलं, जन्माला सगळेच येतात, कल्हई घासून काढणारी मात्र आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात मी एकटीच असेन, तेव्हा तिथूनच सुरुवात बरी. बाहेरच्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. आणि पितळेच्या गंजाला आतून कथलाचा पांढरा हात दिलेला असतो, ती कल्हई. ती नसली की आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळून येतं. हे आमच्या गावात धड परकर सांभाळता न येणाऱ्या पोरीलाही माहीत होतं. मलाही होतं. मी तर शाळेत जाणारी, हुशार म्हणून गावात नाव असलेली. ते नाव कोणी पाडलं होतं हे आता आठवत नाही, बहुधा मीच.

आमचं गाव घाटंजीच्या बाजाराला बैलबंडीने जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस, कापसाच्या मधून तुरीची तासं, म्हणजे ओळी, आणि धुऱ्याने, बांधाबांधावर, सगळीकडे अंबाडी. घरात माय, बाबा, मी थोरली आणि पाठची दोघं. बाजारातून तेल, मीठ, गूळ आणि कधी लसूण एवढंच यायचं, बाकी सगळं जे वावरात आणि वावराच्या कडेने उगवेल ते. ज्वारी तेवढी कोठीत असायची, आणि त्या एका ज्वारीचे माय इतके प्रकार करायची की आपण रोज एकच धान्य खातो आहोत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. भाकर तर होतीच. ताकातली आंबील, सणाला घुगऱ्या, आणि आठवड्यातून तीनदा तरी कण्या. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी. जात्याचं वरचं पाळं जरा सैल ठेवून दाणे नुसते फोडायचे, मग चाळून पीठ भाकरीला, कण्या शिजवायला आणि कोंडा गाईला. दळताना जातं घुमायचं आणि भरडताना खडखडायचं. अंथरुणातल्या अंथरुणात आवाजावरून मला समजायचं, आज कण्या, आणि मी तोंडावर गोधडी ओढून घ्यायची. आवडत नव्हत्या अशातला भाग नाही. दोन वाडगे खाऊन मग नाक मुरडायची. नाक मुरडायलाही अंगात ताकद लागते.

पावसाळ्यात मायची हुकमी भाजी म्हणजे अंबाडी. टोपलंभर पाला खुडून आणायचा, मडक्यात उकळायचा, आंबट पाणी टाकून द्यायचं, पाला पिळायचा, पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढून पिळायचा. मग त्याच मडक्यात मूठभर तुरीची डाळ, दोन-तीन ओंजळी कण्या, मीठ, मिरची, आणि वर झाकण ठेवून चुलीचा जाळ मागे ओढायचा. कण्या भाजीत फुगतात आणि माणसाच्या पोटात गेल्यावरही जरा फुगत असाव्यात, कारण दुपारी ती भाजी-भाकर खाल्लेल्या माणसाला दिवस मावळेपर्यंत भुकेची आठवण होत नसे. लसणाची फोडणी माय शेवटी घालायची, अगदी ताट समोर आल्यावर, पळीने वरून. ती म्हणायची, तेल आत घातलं तर गडप होते, वरून घातलं तर ज्याच्या त्याच्या डोळ्याले दिसते. तेल तेवढंच, चार चमचे, पण पाचही जणांना वाटायचं की आपल्याच ताटात जास्त आलं.

माझी नात पुण्याला खोली करून राहते आणि महिनाअखेर आली की मला फोन लावते, आजी, स्वस्तात पोट भरेल असं काय करू? मी तिला कण्या सांगितल्या. तिने शोधल्या तर त्या तिथे पाकिटात मिळतात, वर इंग्रजी नाव आणि पाकिटावर एक हसणारी बाई. मी आयुष्यात ज्वारी भरडणाऱ्या बाईला हसताना पाहिलेलं नाही. तरी नातीने करून पाहिल्या आणि मला फोटो पाठवला. मी लिहिलं, छान. छान दिसत नव्हत्या, चिखल दिसत होता, पण पोरीला पहिल्याच वेळी खरं सांगून कशाला हात आखडायला लावायचा.

तर मी नववीत होते त्या वर्षीची निंदणी. आमच्याकडे गरिबाघरच्या बाया निंदायला मजूर लावत नसत, सावड करत. सावड म्हणजे बारा बायांनी मिळून एकेकीच्या वावरात एकेक दिवस काम करायचं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, आणि जिच्या वावरात काम तिच्याकडे त्या दिवशी दुपारचं जेवण. मायचे नऊ दिवस दुसऱ्यांच्या वावरात घालून झाले होते आणि आता आमची पाळी आली होती. नेमकी त्याच्या दोन दिवस आधी मायच्या पायात बाभळीचा काटा घुसून आत मोडला. पाय घोट्यापर्यंत सुजला, टेकवता येईना. पाऊस असा लागून होता की कापसात गवत रोज बोटभर चढायचं. हा एक दिवस वाया गेला तर पुढची फेरी येईपर्यंत गवतात कापूस शोधावा लागला असता. पाळी दुसरीशी बदलायचीही सोय नव्हती, कारण सगळ्यांच्याच वावरात तेच गवत. माय बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "बाया निंदतीन, त्याची कायजी नाई. सैपाकाचं कसं?"

मी म्हटलं, "मी करतो नं."

"अकरा बायांचा?"

"त्यात काय हाये वं? भाजी अन् भाकरच तं कराची."

तरी मायने मला अंबाडी कशी करायची ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, जशी काही मी ती पाहिलीच नव्हती. मी हो हो म्हणत होते आणि मनातल्या मनात तिच्या पद्धतीत सुधारणा करत होते. आता त्या पोरीला समोर उभी करून कान धरावासा वाटतो. पहिली सुधारणा अशी की पाला उकळलेलं पाणी टाकायचं नाही. शाळेत बाईंनी शिकवलं होतं की भाजीचं पाणी फेकलं की सत्त्व जातं. बाईंनी ते पालकाबद्दल सांगितलं होतं, पण पाला तो पाला. दुसरी सुधारणा भांड्याची. आमचं मडकं बाहेरून काळंठिक्कर, तोंडाला कपचा उडालेला. अकरा बाया बघणार, त्यात काशीकाकू, म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको, जिची नजर आधी भांड्यावर जायची आणि मग भाजीवर. फळीवर मायच्या लग्नातला पितळेचा मोठा गंज पालथा पडला होता. कल्हईवाला दोन वर्षं गावाकडे फिरकला नव्हता, कारण लोकांनी घरोघर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी घ्यायला सुरुवात केली होती. मी गंज खाली काढला. आत अर्ध्याअधिक भागात पांढरट करडा थर होता, कुठे कुठे निघून पितळ उघडं पडलेलं. मला तो डाग वाटला. चिंच, राख, विटकरीचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन मी अंगणात बसले आणि दंड दुखेपर्यंत घासलं. तासाभराने गंज आतूनही बाहेरच्यासारखा सोन्यासारखा लखलखायला लागला. मी त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि केस सारखे केले.

पहाटे उठून भाजी शिजवली. चव घेतली तेव्हा गरमागरम आंबटगोड लागली, मला तर मायच्या भाजीपेक्षा बरी वाटली. मग सव्वीस भाकरी थापल्या. त्यातल्या चार गोल होत्या. मायने बाजेवरून विचारलं, "पानी पिळलं नं?" मी म्हटलं, "हाव." भांड्याचं तिने विचारलं नाही, कारण कल्हई उडालेल्या गंजात कोणी अंबाडी शिजवेल हे तिच्या मनातही येणार नव्हतं. बाबांनी गंजाला फडकं बांधून बंडीत ठेवला, मला वावरात सोडलं आणि ते बैल घेऊन नाल्याकडे गेले. भाजी पहाटेपासून दुपारपर्यंत त्या सोन्यात मुरत राहिली.

बाया पळसाखाली जेवायला बसल्या. सावडीतल्या बायांची रीत अशी की जेवण एकीकडचं असलं तरी प्रत्येकीने घरून काहीतरी तोंडीलावणं आणायचं, कोणी ठेचा, कोणी जवसाची चटणी, आणि ते मधे ठेवायचं. पंचफुलाबाई नेहमी रानभाजी आणायची. ती बौद्धपुऱ्यातली. दोन एकर वावर, नवरा जिनिंगमध्ये हमालीला, म्हणजे शेत सगळं तिच्या एकटीच्या हातांवर. जेवताना ती गोलाच्या जरा बाहेर बसायची, हातभर अंतर सोडून. ते अंतर कोणी मोजून दिलं नव्हतं, पण रोज तेवढंच भरायचं. तिची भाजी मात्र ते अंतर ओलांडून आत यायची, कारण कोणता पाला कधी खुडावा आणि कसा करावा हे तिच्याइतकं गावात कोणाला कळत नव्हतं. त्या दिवशी तिने तरोट्याची सुकी भाजी आणली होती, कांदा आणि भिजवलेली डाळ घालून. पहाटेपासून वाफेत उभी राहून मला अंबाडीचा वाससुद्धा नकोसा झाला होता. मी सगळ्यांना माझी भाजी वाढली आणि स्वतः भाकरीवर तरोटा घेतला. संपला तेव्हा पुन्हा मागितला. पंचफुलाबाईने डब्यातला उरलेला सगळा माझ्या भाकरीवर उलटा केला आणि म्हणाली, "खा बाई, वाढतं अंग हाये."

गंजाचं कौतुक झालं. काशीकाकू म्हणाली, "लगनातला काढला वाटते. बापा!" मग पहिला घास घेऊन ती थांबली. "तोंडात कसंकसंच लागून राह्यलं वं."

"आंबट हाये जराशी," मी म्हटलं.

"आंबट नाई. पैसा चोखल्यावानी."

पण सकाळपासून पावसात वाकून काम केलेल्या बायांना भाजीची चव पाहत बसायला सवड नसते. सगळ्यांनी खाल्लं. काहींनी दुसऱ्यांदाही घेतलं. त्यानंतर तासही उलटला नसेल, पहिली बाई कापसातून उठली आणि धुऱ्याकडे पळाली. तिच्यामागे दुसरी. मग कोणी कोणाचं पाहायला राहिलं नाही. सात जणींना वांत्या झाल्या, त्यांत पंचफुलाबाईही होती. बाकीच्या पोट धरून बसल्या. मी हंडा घेऊन इकडून तिकडे पाणी देत धावत होते, एकदम ठणठणीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या सावरल्या, जिवाला धोका असा कोणाला झाला नाही, पण विळे दुपारी पडले ते पडलेच. अर्धं वावर तसंच राहिलं.

पळसाला टेकून बसलेली काशीकाकू पदराने तोंड पुसत म्हणाली, "पाला होता थो. तरोट्यात कायचा तरी पाला आला."

पंचफुलाबाई म्हणाली, "माह्या हातानं खुडला, काकू. एकेक पान पाहून."

"पावसात काय दिसते? अन् तुम्हा लोकाइले काईबी चालते."

 पंचफुलाबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे ओकून ओकून लाल झाले होते. "ह्या पोट्टीनं तं सगळ्यात जास्त खाल्ला. दोनदा घेतला. काहून वं, तुले काई झालं का?"

आता अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. रिकामा गंज माझ्या पायाशी होता. बुडाला भाजीचा लपका चिकटला होता, त्याच्या कडेने हिरवट निळसर रेघ उठली होती आणि माझ्या हाताला पितळेचा वास येत होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. हुशार होते ना.

मी म्हटलं, "मी नाई खाल्ला."

बाकीच्यांनी मला तरोटा घेताना पाहिलं नसेल, किंवा पाहिल्याचं त्यांना आठवायचं नसेल. पंचफुलाबाईने वाद घातला नाही, शपथ घातली नाही. तिने तिचा रिकामा डबा उचलला, फडक्यात बांधला आणि ती गावाकडे चालू लागली.

रात्री माय लंगडत उठून गंज घासायला बसली तेव्हा तिने तो दिव्याजवळ नेला, आत बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याची कल्हई कुठी गेली?" मी म्हटलं, घासली. "काय केली?" घासली. मायने कपाळाला हात लावला आणि तिला हसूच आलं. पायाच्या ठणक्याने कण्हत आणि हसत ती म्हणाली, "अवं भवाने, लोकं कल्हई कराले त्याच्या मागं मागं फिरतात अन् तू घासून काढली!" मग मी तिला तरोट्याचं सांगितलं आणि तिचं हसू थांबलं. तिने गंज पालथा घातला. म्हणाली, "आता गप राह्य. अर्धं वावर निंदाचं हाये. बायाइले कयलं तं पुढच्या फेरीले आपल्याकडं कोन येईन?" मी मायला दोष देत नाही. तिच्या डोळ्यासमोर गवत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती सुजलेला पाय पुढे पसरून वावरात बसायची आणि बसल्या बसल्या सरकत निंदायची, आणि मी तिच्या शेजारच्या तासात. आमच्यात बोलणं विळ्यापुरतंच चालायचं.

गावात मात्र दुसरंच बोलणं सुरू झालं. आधी पंचफुलाबाई रानातून आली की पोरी तिच्या ओच्यात काय आहे ते पाहायला धावायच्या आणि मुठी भरून घरी न्यायच्या. आता बाया तिला पाहून म्हणायच्या, आमच्या घरी भाजी झाली. विहिरीवर काशीकाकू एकीला सांगताना मी कानाने ऐकलं, पुढच्या वर्षी पंचफुलेले सावडीत घ्याचं का नाई ते पाहा लागते. ऐकणाऱ्या बाईने मान डोलावली. ज्या बाईकडे मजूर लावायची ऐपत नाही तिला सावडीतून काढलं तर तिच्या दोन एकराचं काय होतं, हे हिशोब न येणाऱ्यालाही कळेल. पंचफुलाबाईने ते वावर मग कोणालातरी बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिलं असतं आणि स्वतः त्याच वावरात रोजीने निंदायला गेली असती. मी घडा भरला आणि निघाले. घरी येईपर्यंत निम्मा सांडला होता. मायने विचारलं नाही.

पुढची पाळी दोन दिवस सोडून होती आणि ती पंचफुलाबाईचीच होती. मायचा पाय अजून बरा नव्हता, म्हणून तिच्या जागी मला जायचं होतं. सावडीचा दिवस चुकवता येत नाही, तिथे भांडण असो की काही असो, बाई हजर व्हावीच लागते. मला ठाऊक होतं की त्या दिवशी बाया घरून भाकरी बांधून नेणार आहेत. आदल्या संध्याकाळी तसं घराघरांतून ठरलंच होतं. मी सकाळी मायला म्हटलं, माझी भाकर बांध. मायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कायले? आज पंचफुलेकडं जेवन हाये नं." एवढं बोलून ती गाईला कोंडा घालायला उठली. पुढे ती पन्नास वर्षं जगली, पण त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी विचारलं असतं तर तिने म्हटलं असतं, पीठ नव्हतं. पीठ होतं. मी पाहिलं होतं.

दुपारपर्यंत मी खाली मान घालून निंदलं. पंचफुलाबाई सगळ्यांच्या पुढच्या तासात होती, एकदाही मागे वळली नाही. सूर्य डोक्यावर आल्यावर तिने विळा खोचला आणि बाभळीखाली जाऊन जर्मनच्या गंजावरचं झाकण काढलं. कण्या होत्या, आणि दुसऱ्या भांड्यात तुरीचं पातळ वरण. तिने पळीत तेल तापवून लसूण टाकला आणि फोडणी वरून ओतली. तो वास सगळ्यांपर्यंत गेला. "चाला वं जेवाले," ती म्हणाली. एकदाच. बायांनी हात धुतले, थोड्या दूर लिंबाखाली जाऊन बसल्या आणि आपापली फडकी सोडली. कोणी रागाने नाही, फक्त प्रत्येकीने आपापली भाकर काढली. आणि मी मधेच उभी, हात रिकामे.

काशीकाकू म्हणाली, "तुही भाकर कुठी हाये वं?"

"नाई आनली."

"घे माह्यातली. बस इकडं."

 खरं काय ते सांगायचं भाषण मी विळा चालवताना सकाळपासून मनात घोकलं होतं, चांगलं सुरुवात, मध्य, शेवट असलेलं. त्यातलं एक वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "तरोटा मी खाल्लता."

"काय?"

"तरोटा. दोनदा खाल्लता. मले काईच नाई झालं. अंबाडी मी नाई खाल्ली. गंजाले कल्हई नव्हती. म्हंजे होती, मी घासून काढली."

 लिंबाखालून एक बाई म्हणाली, "घासून काढली? काहून?"

"डाग हाये असं वाटलं."

"पानी पिळलंतं का?"

"नाई. शाळेत सांगतलं होतं, सत्त्व जाते."

आधी एक जण फिसकन हसली आणि मग त्या सगळ्याच हसायला लागल्या. हसता हसता एकीला ठसका लागला. काशीकाकू हसली नाही. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "नववी शिकली म्हने! मंग त्या दिवशी नाई काहून म्हने?"

"भेव लागलं."

"आमाले ओकाले लावलं अन् तुले भेव लागलं," काशीकाकू म्हणाली. मग तिने आपली अर्धी खाल्लेली भाकर फडक्यात पुन्हा बांधली, उठली, बाभळीखाली गेली आणि जशी काही ती मघापासून तिथेच बसायला निघाली होती तशी पंचफुलाबाईसमोर फतकल मारून बसली. "वाढ वं पंचफुला. कोनाची वाट पाह्यतं?" माफीचा एक शब्द नाही. तशी ती बाई नव्हतीच. पण ती हातभर अंतर न सोडता बसली होती, हे मी पाहिलं. पुढच्या दिवशी ते अंतर परत आलं, हेही मी पाहिलं. एकेक करत बाकीच्या आल्या. दोघी आल्या नाहीत, त्या लिंबाखालीच आपली भाकर खात राहिल्या. पंचफुलाबाईने आलेल्या सगळ्यांना वाढलं, वर न पाहता, प्रत्येकीच्या कण्यांवर मधे खळगा करून वरण आणि वरणावर लसूण येईल असं बघून.

मी सगळ्यात शेवटी बसले. मला वाटलं होतं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. पोरी अशा असतात, खरं बोलल्या की लगेच बक्षीस हवं असतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसावेत म्हणून मी मान जरा वरही केली होती. तिने माझ्यापुढे ताटली ठेवली, पळीभर कण्या घातल्या, वरण घातलं, आणि पळी हातातच धरून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाली, "आज खरं बोल्ली म्हनून म्या तुले माफ केलं असं समजू नको. सकायपासून माह्या वावरात वाकून राह्यली, भूक लागली अशीन, म्हनून वाढून राह्यली. खा."